वीतभर कापडाचा वेळ

परवा नात माझ्यासमोर फतकल मारून बसली. हातात तिचा तो खेळाचा डबा. म्हणाली, "आजी, पहिला साथी निवडायचाय. सांग ना, कोणता घेऊ?"

पडद्यावर तीन जनावरं उभी होती. एकाला पंख, एकाला शिंगं, आणि तिसरं म्हणजे नुसता केसाळ गोळा. पुढे म्हणे अशी शंभर जनावरं गोळा करायची असतात, पण पहिलं या तिघांतूनच घ्यायचं, आणि एकदा घेतलं की बदलून मिळत नाही. मी म्हटलं, घे की मग, अडलंय कुठे? तर बाईसाहेब पंखवाल्यावर बोट ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. शिंगवाल्यावर बोट, की पुन्हा माझ्या तोंडाकडे. माझी भुवई जरा हलली की बोट सरकलंच. चारदा असं झाल्यावर मी उठले, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"आजी, रागावलीस?"

"नाही गं. निवड तू. झालं की सांग."

मनीषनगरला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कॅलेंडरशी नाक लावून बसले होते आणि मला सोमाजी आठवले. तशी मधूनमधून त्यांची आठवण येतेच, पण मी ती फार वेळ राहू देत नाही. त्या दिवशी राहू दिली.

सोमाजींचा चेहरा मला नीट आठवत नाही, खोटं कशाला बोलू. पाठ आठवते. सावळी, हाडं दिसणारी, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. बंडीला मानेजवळ ठिगळ. आठ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी राहिले आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बोलणं त्या पाठीशी झालं.

सत्तर सालाच्या आगेमागे मी नागपुरात पाचपावलीकडे विणकरांच्या एका गल्लीत भाड्याने राहायला गेले. नवरा काटोलला नोकरीत, शनिवारच्या बसने यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी जवळच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. पदरात चार वर्षांची मंदा. खोली मिळाली ती सोमाजींच्या भिंतीला भिंत लावून. पहिल्याच सकाळी उजाडता उजाडता पलीकडून खट-खट सुरू झाली तेव्हा मी तणतणत गेले. दारातून पाहिलं तर खोलीभर माग, मागापुढे जमिनीत खड्डा, आणि खड्ड्यात पाय सोडून, पायांनी मागाच्या पावड्या दाबत, दाराकडे पाठ करून एक माणूस बसलेला.

"अहो, लेकरू झोपलंय माझं," मी म्हटलं.

हात थांबले नाहीत. "झोपू द्या ना बाई. चार दिवसानं या आवाजाबिगर झोपनार नाई ते."

आणि मेलं तसंच झालं. पुढे माग बंद असला की मंदा रात्री उठून बसायची.

सोमाजींना वळायची सवयच नव्हती. कोण आलं ते पावलावरून ओळखायचे. दूधवाला, पोस्टमन, मी. चप्पल नवी घेतली तर तेही. "बाई, चप्पल बदलली का? जुनी बरी होती." मी म्हणायचे, माणसाशी बोलताना तोंड दाखवावं माणसानं. तर म्हणायचे, "तोंड पाहून काय करता? तोंड पाह्यलं का मानूस खोटं बोलते." वर्गात मुलांना शिस्त लावणारी मी, पण या माणसापुढे माझी मात्रा चालायची नाही.

सोमाजींची बायको अनसूयाबाई दिवसभर दाराजवळ बसून कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. ती भरून मिळाल्याशिवाय माग एक धागा पुढे सरकत नाही. मुलगा मधुकर भिलाईला कारखान्यात लागला होता, नुकतं लग्न झालेलं. घरात ही दोघंच. पण पोळा जवळ आला की या दोघांच्या दाराशी गल्लीतली पोरं माश्यांसारखी घोंगावायची.

कारण सोमाजी लाकडी बैल करायचे. पोळा मोठ्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. आमच्या नागपुरात त्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मैदानात नेतात, रांगेत उभे करतात, मग घरोघरी फिरून खाऊ मागतात. बाजारात ढिगाने बैल मिळायचे. पण आमच्या गल्लीतलं पोर चार-पाच वर्षांचं झालं की त्याचा पहिला बैल सोमाजींकडून घ्यायचा, असा रिवाज पडला होता. सुरुवात त्यांनी स्वतःच्या मधुकरसाठी केली, मग शेजारच्यांनी मागितला, आणि बघता बघता गल्लीचा होऊन गेला.

त्याची तऱ्हा मात्र सोमाजींचीच. ते एक बैल कधीच करायचे नाहीत, तीन करायचे. थोरला, मधला, धाकला. सारवलेल्या जमिनीवर तिन्ही ओळीने मांडायचे, दोऱ्या दाराच्या बाजूला सोडलेल्या. आईबापांना बाहेर काढायचे. पोराला पाटावर बसवायचे आणि सांगायचे, "पाह्य बापा आरामशीर. एक वीत कापड विनतो मी. तेवढ्यात घे." मग खड्ड्यात पाय सोडून, पोराकडे पाठ करून विणायला लागायचे. वीतभर विणून झालं की अंगठा आणि करंगळी ताणून कापडावर मापायचे आणि हात थांबवायचे. पोरानं आवडलेल्या बैलाची दोरी ओढत दाराबाहेर जायचं. मागं वळायचं नाही, आणि बदलायचं तर कधीच नाही.

मी विचारलं होतं, ही पाठ फिरवायची भानगड काय? तर म्हणाले, "बाई, लेकरू बैलाकडं नाई पायत. देनाऱ्याच्या तोंडाकडं पायते. मंग थो बैल देनाऱ्याचा होते, लेकराचा नाई."

आम्ही राहायला गेलो त्याच वर्षी मंदानं हट्ट धरला. आमची घरमालकीण हसली, "पोरीले कायचा बैल वं? पोरीले भातुकली दे." मलाही जरा संकोचच वाटला, कबूल करते. शिकलेली असले तरी गल्लीत नवीन होते. सोमाजींच्या कानावर ते गेलं आणि पाठ पहिल्यांदाच जरा जोरात बोलली, "काहून नाई? माग काय मी एकलाच चालवतो? कांड्या कोन भरते? " मग बायकोला, "आन वं त्या पोरीले."

मंदा पाटावर बसली. मी दाराच्या फटीतून बघत होते. खट-खट चालू. पोरीनं थोरल्याची शिंगं चाचपली, मधल्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि धाकल्यासमोर जी बसली ती बसलीच. हात थांबले तेव्हा तिनं धाकल्याची दोरी धरली आणि ओढली. चाकं टिकटिकली.

"धाकला घेतला," सोमाजी न वळताच म्हणाले.

प्रत्येक बैलाच्या चाकांचा आवाज निराळा होता. थोरला गुरगुरायचा, मधला किरकिरायचा, धाकला टिकटिकायचा. मुद्दाम तसं करायचे की आपोआप व्हायचं कोण जाणे. मंदानं बैल उंबरठ्यावरून बाहेर उतरवला, आणि तेव्हा कुठे सोमाजी वळले. सगळ्याच पोरांच्या वेळी ते तेवढंच वळायचे. बैल उंबरठ्याबाहेर गेला की खड्ड्यातून मान वळवून, पोर गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्याच्याकडे पाहायचे. चेहरा दिसायचा तो तेव्हा, आणि तोही मला आठवू नये याचं फार वाईट वाटतं.

एकदा इतवारीतला कुणी बडा व्यापारी ऐकून आला होता, मुलाला घेऊन. पोरानं मधला उचलला. दुसऱ्या दिवशी बाप परत हजर. म्हणाला, बायकोला मोठा हवाय, बदलून द्या. सोमाजी विणता विणता म्हणाले, "देतो ना बदलून. आदी पोरगा बदलून आना." व्यापारी पाय आपटत गेला. अनसूयाबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली.

तेव्हा तो खोकला आम्ही हसण्यावारीच नेला.

त्या वर्षांत गल्लीतले माग एकेक करून मोडत होते. यंत्रमागाचं कापड स्वस्त पडायचं, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. ज्याचा माग मोडायचा, तो माणूस मागाचा रूळ, म्हणजे विणलेलं कापड ज्याच्यावर गुंडाळतात ते जाड सागवानी लाकूड, खांद्यावर घेऊन सोमाजींच्या दारात टाकायचा आणि निघून जायचा. सोमाजी त्याचे बैल करायचे, त्याच घरच्या पोरासाठी. बैलाच्या पोटाखाली त्या घरच्या लुगड्याचा काठ पटाशीने कोरायचे. आपल्या घरच्या लाकडाचाच बैल पोरानं घ्यायचा, असं आता ठरूनच गेलं होतं. दरवर्षी गल्लीत खट-खट कमी व्हायची आणि मैदानात बैल वाढायचे.

अनसूयाबाईंचा खोकला वाढला तेव्हा त्यांना धंतोलीत एका डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, त्या खोलीतली ओल आणि सुताची धूळ यांच्या छातीला चालायची नाही. एक तर माग बाहेर काढा, नाहीतर यांना बाहेर ठेवा. घरी येऊन मी हे त्या पाठीला सांगितलं.  समोर एका लग्नाचं लुगडं अर्धं होतं. ते पुरं झालं, मग दुसरं आलं. अनसूयाबाईंना आम्ही माझ्या खोलीत निजवायचो, तर त्या डोळा चुकवून उठून कांड्या भरायला जायच्या. म्हणायच्या, "त्याइचा हात थांबून राह्यला वं बाई माह्यापायी."

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबतीची मिरवणूक निघाली. कागदा-बांबूचा तो भला मोठा पुतळा, आणि सगळं शहर ओरडतंय, रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! अनसूयाबाई उठून दारात आल्या, त्यांनीही हात जोडून म्हटलं. महिन्याभरात गेल्या.

"खोकला नाई नेला बाई तिनं," सोमाजी मला म्हणाले. "खोकनारीच नेली."

तेराव्याला मधुकर उभा राहिला तो मागासमोर. बापासारखाच अंगानं किरकोळ, पण आवाज आईचा. म्हणाला, "यानं खाल्लं माह्या मायले. हा माग या घरात उभा हाय तोवर मी या घरात पाय नाई ठेवनार."   मधुकर त्याच रात्रीच्या गाडीने भिलाईला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खट-खट. मला इतका राग आला म्हणता! गेले आणि ताडताड बोलले. एवढी बायको गेली, मुलगा गेला, आता तरी सोडा. तेव्हा हात थांबले. पाठ म्हणाली, "माग नसता त उपाशी मेली असती. माग होता मनून खोकून मेली. यातलं कोनतं निवडू, तुमीच सांगा बाई."  मी घरी येऊन भांडी आपटली.

चार-साडेचार वर्षं गेली. भिलाईला मधुकरला मुलगा झाला, संजय नाव ठेवलं, एवढं एका पत्रावरून कळलं. ते पत्रही गल्लीतल्या दुसऱ्याच कुणाला आलेलं. सोमाजींना अक्षरओळख जेमतेम, त्यांची पत्रं मीच वाचायची आणि लिहायची. पण भिलाईला लिहा असं ते कधी म्हणाले नाहीत. मात्र पोळा आला आणि दुसऱ्यांची पोरं पाटावर बसली की म्हणायचे, "माह्या मधुनं मधला घेतला होता. थोरला समोरच होता, तरी मधला. मनला, थोरल्याले सगळेच घेतीन, याले कोन घेईन?" आणि मग हळूच, "संजू तीन वर्साचा झाला असन. संजू चार वर्साचा झाला असन." त्यांना दुसरं काहीच नको होतं. नातवानं एकदा त्या पाटावर बसावं आणि या घरच्या लाकडाचा बैल ओढत न्यावा, बस. आणि या घरचं लाकूड तर खोलीत उभं होतं.

आता माझी खोड सांगते. मास्तरीण मी, दुसऱ्याच्या पाटीवर हात चालवायची सवय. सोमाजींना न विचारता मी मधुकरला पत्र लिहिलं. तुमचे वडील थकले आहेत, नातवाचं नाव रोज घेतात, माग मोडला तर याल का?

उत्तराचं कार्ड आठ दिवसांत आलं, सोमाजींच्या नावावर. मी वाचून दाखवलं. बाबांनी माग काढला असेल तर तान्ह्या पोळ्याला संजूला घेऊन येतो. तो चार वर्षांचा झाला. त्याने अजून बैल घेतलेला नाही.

"आनखी एकदा वाचा." मी वाचलं. "आनखी एकदा." तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, "त्याले कोनं लिवलं?"

"मी."

त्यांनी धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं केलं."

मागावरचं लुगडं त्यांनी आधी पुरं केलं. मग तीन दिवस दार लावून आत एकटेच होते. ठोकण्याचा आवाज यायचा, आणि मी शाळेतून आल्यावर भिंतीला कान लावून बसायचे. मनातून मी खूश होते. वाटायचं, चांगलं काम केलं आपण. चौथ्या दिवशी दार उघडलं. खोली केवढी मोठी दिसत होती! मधोमध नुसता खड्डा. पुढे महिनाभर त्या रुळातून तीन बैल निघाले. असे बैल सोमाजींनी आधी कधी केले नव्हते. मानेच्या वळ्यासुद्धा कोरलेल्या, आणि पोटाखाली त्यांच्या घरचा करवती काठ.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. खड्ड्याच्या काठावर बसले होते आणि चक्क माझ्याकडे तोंड करून.

"बाई, एक गोष्ट इसरलो ना मी."

"काय?"

"वीत कशावर विनू आता?"

देवाशप्पथ सांगते, तोवर हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. इतकी वर्षं त्याच मागावर वीत मापून पोरांना बैल दिले, आणि स्वतःच्या नातवाचा बैल करायला तोच माग मोडला. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "माझं घड्याळ आणून ठेवते. पाच मिनिटं लावा."

"घड्याळानं घाई होते लेकराले," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून ते धुतलेली बंडी घालून दारात होते. मारबत गेली. दुपारची गाडी येऊन गेली असेल. पोरं बैल घेऊन मैदानात गेली, परतली, दारोदार खाऊ मागून झाला. मधुकर आला नाही. आठ दिवसांनी कार्ड आलं, रजा मंजूर झाली नाही, पुढल्या वर्षी नक्की येतो. मी वाचलं. "हव," सोमाजी म्हणाले. "कारखान्यात रजा नसते." त्यांनी तिन्ही बैल अनसूयाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फळीवर ठेवले.

त्यानंतर त्यांनी कुणालाच बैल दिला नाही. पोरं यायची, तर सांगायचे, "माग नाई बापा. आता बजारातून घे." दोन-तीन आया माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, तुम्ही सांगा ना त्यांना. काय सांगणार? ज्यांनी माझं ऐकलं, त्यांचं काय झालं ते मी रोज बघत होते. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसायचे. मी म्हटलं, बुजवून टाकू हा खड्डा, ओल येते, तुम्हालाही खोकला लागलाय. मान हलवून नाही म्हणाले. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू यायचं नाही. मंदा मोठी झाली होती, तिला झोप लागायची, पण मला लागायची नाही.

पुढल्या पोळ्याआधी मी भिलाईला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. मी हे सोमाजींना सांगितलं नाही. ते विचारायचेही नाहीत, स्वतःच म्हणायचे, "औंदा येईन. नक्की मनला होता ना."

त्याच वर्षी कार्तिकात सोमाजी गेले. तार गेल्यावर मधुकर आला, एकटाच. डोकं भादरून सगळं रीतसर केलं. उंबरठा ओलांडला तेव्हा आतल्या खड्ड्याकडे बघून मटकन खालीच बसला. मी ठरवलं होतं की याला चांगलं सुनवायचं. पण तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि मी त्याला पाणी आणून दिलं. जाताना त्यानं फळीवरचं बोचकं सोडलं. आत दोनच बैल होते, थोरला आणि धाकला.

"तीन करत होते ना बाबा?" त्यानं विचारलं.

"तीनच केले होते," मी म्हटलं. "मधला निवडला गेला."

कुणी निवडला ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते दोन घेऊन तो गेला. मधला माझ्याकडे आहे, इथे मनीषनगरला, कपाटात वरच्या खणात. नातीला मी हात लावू देत नाही.

तो माझ्याकडे कसा आला, ते आजवर मी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

त्या शेवटच्या तान्ह्या पोळ्याची दुपार होती. चार वाजले असतील. पोरं बैल सजवून मैदानाकडे निघाली होती, गल्लीभर घुंगरांचा आवाज. मी सोमाजींसाठी पुरणपोळीचं ताट घेऊन गेले. दार उघडं होतं. जमीन सारवलेली. तिच्यावर तीन बैल ओळीने मांडलेले, शिंगांना ताजा रंग, दोऱ्या दाराच्या बाजूला सोडलेल्या. समोर पाट. आणि सोमाजी खड्ड्यात पाय सोडून, दाराकडे पाठ करून बसले होते. त्यांचे हात चालू होते. उजव्या हातानं नसलेला धोटा टाकत होते, डाव्यानं झेलत होते. खाली पायांनी नसलेल्या पावड्या दाबत होते. तोंडानं अगदी हलकं, खट... खट.

माझ्या पावलाबरोबर खट-खट क्षणभर थांबली.

"आला का बापा?" पाठ म्हणाली. "बस पाटावर. पाह्य आरामशीर. मी नाई पायत तुह्याकडं. एक वीत हाय अजून."

मी ताट हातात घेऊन तशीच उभी. मी आहे हो, शेजारची बाई, असं म्हणायला किती वेळ लागतो? आठ वर्षं त्या पाठीला मी तोंडाला येईल ते बोलले होते.  पण तो माग माझ्या पत्रानं मोडला होता. ताट खाली ठेवलं आणि मी पाटावर बसले.

अख्खी वीत मी कधी आतून पाहिली नव्हती, नेहमी दाराच्या फटीतून. फार वेळ लागतो हो वीतभर कापडाला. धागा, मग धागा, मग धागा. एकदा मधेच त्यांचे हात थांबले, तुटलेलं सूत जोडावं तशी बोटं फिरली, आणि पुन्हा चालू. बैल समोर होते. बाहेर पोरं ओरडत होती. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

मग हात थांबले. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून समोरच्या हवेत मापलं.

"झाली वीत. ने बापा."

मी नेला नसता तर कुणीच नेणार नव्हतं. मी मधल्याची दोरी धरली आणि ओढली. चाकं किरकिरली.

"मधला घेतला," सोमाजी म्हणाले. "बापावानीच."

मी बैल ओढत दाराकडे निघाले. वाकलेली, हातात दोरी, आणि चालताना हातातल्या बांगड्या वाजत होत्या. चाकाच्या आवाजावरून बैल ओळखणारा तो माणूस. माझी चप्पल बदलली तर ओळखायचा. त्याला बांगड्या ऐकू आल्या नसतील? मला आजवर कळलेलं नाही. उंबरठ्यावरून मी चाकं जपून उतरवली आणि गल्लीत आले.

बैल बाहेर गेला की ते नेहमी वळून बघायचे. मी दोरी धरून गल्लीत थांबले, त्यांनी वळावं म्हणून. मैदानाकडून पोरांचा गलका येत होता. खड्ड्यात ती पाठ तशीच होती, हात मांडीवर ठेवलेले. मी खूप वेळ थांबले. सोमाजी वळले नाहीत.